शुक्र दिसेपर्यंत

शुक्राशी माझं भांडण झालं ते माझ्या लग्नावरून. तोवर आमची नीट ओळखही नव्हती. म्हणजे त्याचं सूर्यापासूनचं अंतर, त्याच्यावरचे दाट ढग, त्याचं उलटं फिरणं हे सगळं मला पाठ होतं. रत्नागिरीच्या कॉलेजातून बीएस्सी होऊन मी शेजारच्या गावच्या हायस्कुलात चार वर्षं विज्ञान शिकवत होते, आणि फळ्यावर रंगीत खडूंनी नऊ ग्रह काढण्यात माझा हात धरणारं कुणी नव्हतं. पण संध्याकाळी अंगणात गाठून कुणी विचारलं असतं, 'बाई, यातला शुक्र कुठला?' तर मी त्याला गृहपाठ देऊन घरी पाठवलं असतं.

आमचं गाव वेळणेश्वरच्या अलीकडचं, समुद्राला लागून. वडील, म्हणजे आमचे आप्पा, गावचे भटजी. त्यांची एक रीत होती, त्यांच्या वडिलांपासून चालत आलेली. गुरू किंवा शुक्र सूर्याच्या फार जवळ गेला की उजेडात दिसेनासा होतो. त्याला पंचांगात अस्त म्हणतात आणि तेवढ्या दिवसांत लग्नं लागत नाहीत. बाकीचे भटजी पुढच्या उदयाची छापलेली तारीख बघून मुहूर्त काढून मोकळे होत. आप्पा तसं करत नसत. ते देवळाखालच्या कातळावर जाऊन उभे राहत, तो ग्रह दिसेपर्यंत रोज जात आणि मगच मोसमातला पहिला मुहूर्त देत. "छापणाऱ्याची चूक होते, आभाळाची होत नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. गावाला त्याचं कौतुक होतं. मला तो निव्वळ हट्ट वाटायचा. आणि हट्ट आमच्या घरात आधीच पुरेसा होता, कारण मी होते.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं तेव्हा मला खेडचं एक स्थळ आलं. बाजारपेठेत भांड्यांचं दुकान, माणसं भली. मुलगा मालवाहू बोटीवर इंजिनखात्यात होता. तो मला पाहायला आला तेव्हा माझ्या हातून चहा बशीत सांडला. तो म्हणाला, "बरं झालं, मी बशीतूनच पितो." एवढ्यावर मी त्याच्याशी लग्न करायचं ठरवलं. त्यानंही ठरवलं असावं, कारण आठवड्यात होकार आला.

नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात. माझ्या लग्नाला दोनच आली, पण ती थेट ग्रहमालेतून. माघापासून शुक्राचा अस्त होता, तो वैशाखात संपायचा. वैशाख सरता सरता गुरू अस्ताला जायचा, आणि तो वर येईतो आषाढी आणि चातुर्मास. म्हणजे मधल्या थोड्या दिवसांत लग्न लागलं तर लागलं, नाहीतर तुळशीच्या लग्नानंतर. त्या थोड्या दिवसांतही दोन्ही घरांना जमणारा मुहूर्त एकच होता, वैशाख शुद्ध दशमीचा. पौर्णिमा झाली की मुलाला मुंबईत बोटीवर हजर व्हायचं होतं, आणि एकदा गेला की वर्षभर त्याचा पत्ता म्हणजे समुद्र.

त्यात खेडचं पंचांग वेगळं आणि आमचं वेगळं. त्यांच्यात शुक्राचा उदय अमावास्येच्या आधीच दिलेला, आमच्यात अमावास्येनंतर आठ दिवसांनी. उगवल्यावरचे तीन दिवस शुक्राचं बालपण म्हणून सोडायचे असतात. त्यांच्या हिशोबानं दशमी मोकळी होती, आमच्या हिशोबानं ती बालपणात अडकत होती. व्याही, म्हणजे मुलाचे वडील, बोलणी करायला आले तेव्हा दोन्ही पंचांगं उघडून बसले. आप्पांनी दोन्ही मिटवली.

"डोळ्यांना दिसेल ते खरं," ते म्हणाले.

व्याह्यांनी मान डोलावली, पण माणूस व्यवहारी. मंडप, आचारी, गाड्या यांना आठ दिवस तरी आधी सांगायला हवं. म्हणून त्यांनी शेवटचा दिवस ठरवला. अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते स्वतः येतील. तोवर शुक्र दिसला तर दशमी नक्की. नाही दिसला तर मुलगा बोटीवरून परत आल्यावर बघू. ते 'बघू' मी आतून ऐकलं. वर्षभर थांबवलेली स्थळं थांबतातच असं नाही, हे मी आजूबाजूला पुरेसं पाहिलं होतं.

मी आप्पांशी दोन दिवस बोलले नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी काठी घेतली आणि म्हणाले, "चल. विज्ञानवाली आहेस ना? तूही बघ." तेव्हापासून रोज सूर्य बुडायच्या सुमारास आम्ही दोघं कातळावर.

तिथे तिसरं माणूस असायचं ते तांडेलचाचा. खालच्या मोहल्ल्यातले, सत्तरीचे, तरुणपणी गलबत घेऊन मस्कत-बसऱ्यापर्यंत गेलेले. आप्पांची आणि त्यांची त्या कातळावरची ओळख तीस वर्षांची. एकाला ग्रह लागत, दुसऱ्याला चंद्र, आणि दोघांनाही पश्चिम लागे. त्या वर्षी तो रमजानचा महिना होता. चाचा सूर्य टेकेपर्यंत आमच्याशी गप्पा मारत आणि मग रोजा सोडायला, नमाजाला मशिदीकडे वळत.

त्या दोघांनी मला आभाळ शिकवलं. चार वर्षं मी जे शिकवत होते ते हे नव्हे, हे मला पहिल्या संध्याकाळीच कळलं. हात सरळ लांब धरायचा, मूठ वळायची, की मुठीएवढं आभाळ म्हणजे एक माप. त्याहून कमी असेल तर बोटांनी मोजायचं. वर रोहिणीच्या लालसर ताऱ्याशेजारी स्थिर, पिवळसर, भरल्या अंगाचा गुरू. त्याच्याही वर मंगळ, ओळख लपवू न शकणारा, तांबूस. शनी मध्यरात्रीच्या सुमारास उगवायचा, त्याला भेटायला आम्ही थांबत नसू. तारे लुकलुकतात, ग्रह सहसा नाहीत; पण समुद्रालगत खाली आले की ग्रहही थोडे थरथरतात, तेव्हा तेवढ्यावर विसंबायचं नाही. आणि खाली पाण्यावर होड्यांचे दिवे असतात, त्यांना फसायचं नाही. त्यावर चाचांची युक्ती होती. डोळ्यासमोर काठी धरायची. काठीच्या टोकाशी चिकटून राहील तो आभाळातला, वरखाली होईल तो होडीतला.

मला हे सगळं इतकं आवडायला लागलं की आपण इथे चिडून आलो होतो हे मी मधूनच विसरायचे. पुस्तकातले ग्रह रांगेत उभे असतात. इथले ग्रह जागा बदलत होते, रोज थोडे, आणि तो बदल मला माझ्या बोटांवर मोजता येत होता. गुरू रोज समुद्राकडे थोडा सरकतोय हे मी स्वतः पाहत होते. वर्गात पोरांना हे सांगताना माझा आवाज चढायचा, असं हेडमास्तर म्हणायचे.

अमावास्येला दहाएक दिवस असताना मला तो दिसला. चाचा नुकतेच मशिदीकडे गेले होते, समुद्रावर केशरी उजेड उरला होता, आणि त्यात एक चांदणी. काल नव्हती. मी जवळजवळ ओरडलेच.

"आप्पा, तो बघा! तोच ना शुक्र?"

आप्पा त्या दिशेला तोंड करून उभे राहिले. "पाण्यापासून किती वर?"

मी हात लांब करून मोजलं. "एक मूठ आणि वर दोन बोटं."

"रंग?"

"पांढरट. थोडा गुलाबी."

"थरथरतोय?"

"थोडासा." त्यांची ती तोंडी परीक्षा मला सोसवेना. "आप्पा, तोच ना पण?"

"नाही," ते म्हणाले. "तो बुध."

मग मी जे बोलले ते लिहायला नको. थोडक्यात सांगायचं तर, उचलली जीभ लावली टाळ्याला. तुम्हाला माझं लग्न नकोच आहे, लोक मुलीसाठी काय काय करतात, तुम्हाला एक चांदणी मान्य करवत नाही, असं बरंच काही. आप्पा शांतपणे म्हणाले, "शुक्र अजून सूर्याच्या पदराखाली आहे. इतका वर तो महिनाभर तरी येणार नाही. बुध असाच असतो, चार दिवस तोंड दाखवून पळतो." आणि काठीनं वाट चाचपत उतरू लागले. मी मुद्दाम मागे राहिले.

माझा राग बुधावर नव्हता. कुणालाही फरक कळला नसता. गावात कुणी विचारायला येणार नव्हतं, खेडचे लोक तर आनंदानं मानणार होते. आप्पांनी फक्त हो म्हणायचं होतं.

दुसऱ्या दिवशी मी चाचांकडे गाऱ्हाणं नेलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि हसले.

"तू भटजीबुवांना काय इचारलास?"

"तोच ना शुक्र, असं."

"मग झाला तर. शुक्र दिसला ना बाय, की इचारायची पाळी येत नाय. इचारावा लागला तर समजायचा, तो शुक्र नव्हे."

मला ते तेव्हा म्हाताऱ्यांचं आपसातलं संगनमत वाटलं. पण त्या दिवसापासून मी बुधाकडे पाहायला लागले आणि आप्पांचं खरं होतं. आधी तो थोडा वर चढला, मग फिका पडत गेला, आणि आठवड्यात त्याला शोधावं लागू लागलं. जो स्वतःला शोधायला लावतो त्याच्यावर मी लग्न ठरवणार होते!

बघता बघता अमावास्या झाली. शुक्र नाही. दुसऱ्या दिवशी दुपारच्या एसटीनं व्याही आले, हातात आंब्याची करंडी आणि चेहऱ्यावर काळजी. संध्याकाळी आम्ही तिघं कातळावर पोचलो तर तिथे जत्रा. एकोणतिसावा रोजा होता. ईदचा चाँद बघायला मोहल्ल्यातले बापे, बाया, पोरंटोरं सगळी उतरली होती. चाचा पुढे, डोळ्यांवर हात धरून. समुद्रावर मेमधला दमट धुरकटपणा, पाण्याची रेघ पुसलेली.

व्याह्यांनी आप्पांना बाजूला घेतलं. मला ऐकू येईल एवढ्या हळू आवाजात म्हणाले, "भटजी, मुलीला मागेच काहीतरी दिसलं होतं म्हणता. तोच शुक्र धरू या ना. बघायला कोण आलंय?"

"मी आलोय ना बघायला," आप्पा म्हणाले.

व्याही ओशाळले. माणूस खरंच भला होता, मुलाच्या मायेनं बोलला होता. मी मात्र त्या क्षणी आप्पांवर जितकी रागावले तितकी त्याआधी कधी रागावले नव्हते.

सूर्य गेला. कातळाखालीच पोरांनी कुणी खजूर, कुणी पाणी वाटलं, रोजे सुटले, पण नजर कुणाची हलेना. आणि मग एकाच वेळी पाचपन्नास आवाज उठले, "चाँद! चाँद!" चाचांचा हात वर गेला होता. त्यांच्या बोटाच्या रेघेत पाहिलं तर धुरकट केशरी आभाळात नखानं ओरखडा काढावा तशी कोर. लोक एकमेकांना मिठ्या मारायला लागले. त्या गलक्यात आप्पांचा आवाज माझ्या कानाशी आला.

"चंद्र दिसला ना? आता त्याच्या खाली बघ. सरळ खाली, चार बोटं."

मी पाहिलं. धूसर पट्टा होता नुसता. व्याही मागून म्हणाले, "अहो, तो काय वर! केवढा चकचकीत!"

"तो गुरू," मी म्हटलं. माझ्या तोंडून ते आपसूक गेलं.

"दिसला?" आप्पांनी विचारलं.

ती वेळ मला अजून आठवते. माझ्या बाजूला सगळं होतं. व्याही मानायला तयार, लोक आनंदात, धुक्यात कुणी काय पाहिलं याचा जाब कोण विचारणार? मी हो म्हटलं असतं तर दशमीला लग्न. पण गेले पंधरा-वीस दिवस मी त्या कातळावर उभी राहून जे मोजत होते, ते सगळं त्या एका होकारात खोटं झालं असतं. मला रडू येत होतं. मी म्हटलं, "नाही, आप्पा. नाही दिसत."

व्याह्यांनी सुस्कारा सोडला. मी डोळे पुसले आणि परत खाली पाहिलं, सवयीनं.

धुरकटपणात कुठेतरी फट पडली असावी. खालून कुणा बाईचा आवाज आला, "ह्यो दिवा कोणाचा गो?" चाचांनी काठी वर धरली, एक डोळा मिटला. "होडी नाय," ते म्हणाले.

तो चंद्राच्या खाली, पाण्यावर तीन बोटं, त्या केशरी उजेडाला न जुमानता जळत होता. बुधाचा तो गुलाबी संकोच याच्यात नव्हता. आजूबाजूला दुसरा तारा नव्हता आणि असता तरी त्याच्याकडे कुणी पाहिलं नसतं. इतका देखणा प्रकाश मी आयुष्यात पाहिला नव्हता, आणि लग्न-मुहूर्त सगळं क्षणभर माझ्या डोक्यातून गेलं.

"शुक्र," मी म्हटलं.

आप्पांनी काठी काखेत धरली आणि हात जोडले. "दशमी नक्की," ते व्याह्यांना म्हणाले. चाचांनी आप्पांना मिठी मारली, ईदची आणि लग्नाची एकदमच. पाच-सात मिनिटांत चांदणी धुरकटात उतरली. दुसऱ्या दिवशी चाचांच्या घरून खजुराचा पुडा आला. आप्पा बाहेरचं शिजवलेलं खात नसत हे त्यांना माहीत होतं, म्हणून कोरडा खजूर.

दशमीला माझं लग्न झालं. पौर्णिमा उलटली आणि नवरा मुंबईला जाऊन बोटीवर चढला. मी रिकाम्या मनानं चार दिवस माहेरी आले, आणि आल्या संध्याकाळीच आप्पांना कातळावर ओढून नेलं, कारण वाटेत एसटीच्या खिडकीतून मी एक गंमत पाहिली होती. शुक्र रोज वर चढत होता, गुरू रोज खाली येत होता, आणि आता दोघं एकमेकांना भेटले होते. अस्ताला जाणारा आणि उदयाला आलेला, समुद्रावर शेजारी शेजारी. माझ्या लग्नाचे दोन्ही पहारेकरी एका जागी!

"आप्पा, बघा तरी! अर्ध्या बोटाचं अंतर राहिलंय."

"वा," आप्पा म्हणाले. "सुरेख."

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते खाडीच्या बाजूला बघत होते. तिकडे आभाळात काहीच नव्हतं.

मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. त्या उजेडात त्यांच्या दोन्ही बुबुळांवर दुधासारखी साय दिसली. रोजच्या माणसाच्या डोळ्यांत आपण कधी नीट बघतच नाही. पूजा सगळ्या त्यांना पाठ, वाटा पायाखालच्या. "पंचांग मोठ्यानं वाच, तुझी जीभ सुधारेल," असं म्हणून गेली दोन वर्षं ते माझ्याकडून वाचून घेत होते आणि मी कुरकुरत वाचत होते. रोज कातळावर आल्यावर विचारायचे, "सूर्य गेला का?" मला वाटायचं, माझी परीक्षा घेतात.

"कधीपासून?" मी विचारलं.

"दोन वर्षं होतील. उजेड कळतो. चांदणी नाही कळत. आईला सांगू नकोस, लगेच रत्नागिरीला दवाखान्यात नेईल."

"आणि मग तो बुध? तो कसा ओळखलात तुम्ही?"

"गणित होतं थोडं," आप्पा म्हणाले. मग त्यांना हसू आलं. "पण खरं म्हणजे, तू दोनदा विचारलंस ना, 'तोच ना?' म्हणून."

"आणि त्या चाँदच्या दिवशी?" मी विचारलं.

"तेव्हा तू विचारलं नाहीस. त्याआधी नाही म्हणालीस. तुला हो म्हणायचं होतं, मला माहीत होतं, तरी नाही म्हणालीस. मग त्यानंतर जे सांगशील ते मी डोळे मिटून मानणार होतो. म्हणजे मिटलेलेच होते."

खाली पाण्यावर एका होडीत दिवा लागला होता आणि वरखाली होत होता. मी आप्पांच्या मागे उभी राहिले, त्यांच्या खांद्यावरून त्यांचा हात धरला, लांब केला आणि खाडीकडून वळवत पश्चिमेला आणला.

"हं, आता सांग," आप्पा म्हणाले. "गुरू कुठल्या हाताला आणि शुक्र कुठल्या?"

"शुक्र उजवीकडे," मी म्हटलं, आणि पाण्यापासून किती बोटं ते मोजायला लागले.